तीन वर्षं चाललेली गोळी आता लागू पडत नाही, तेव्हा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या, सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक बाई जानेवारीत माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या हा प्रश्न घेऊन: "तीन वर्षं चिंतेवरची गोळी छान चालली. दिवाळीपासून तीच गोळी घेऊनही पहाटे चारला जाग येते, छाती धडधडते, बँकेत एकेक व्हाउचर चार-चार वेळा तपासते. शरीराला गोळीची सवय झाली का? आणि बदलली नि नवीही लागू पडली नाही, तर?"

(तीन-चार जणींचे अनुभव इथे एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

बराच काळ चाललेल्या गोळीचा जोर ओसरतो, हे खरं आहे. पण "ओसरला" म्हणून जे समोर येतं, त्यातलं बरंच प्रत्यक्षात दुसरंच काही असतं. म्हणून बदलाची भाषा करण्याआधी हिशेब करावा लागतो, आणि तो अगदी बँकेतल्यासारखा. त्यांना औषधाच्या दुकानाची बिलं आणायला सांगितली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे ९२ दिवस. दहा गोळ्यांच्या सात स्ट्रिपा घेतलेल्या. म्हणजे ९२ दिवसांत ७० गोळ्या. बाई खोटं बोलत नव्हत्या. "रोज घेते" असंच त्यांना वाटत होतं. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको म्हणून राहायची, रविवारी उठायला उशीर झाला की राहायची, स्ट्रिप संपली की दुकानात जाईपर्यंत दोन दिवस जायचे. त्यांची गोळी एस्सिटालोप्रॅम होती. ती जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, फरक पडत नाही. शरीरातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, त्यामुळे एखादी चुकली तर जाणवत नाही. लागोपाठ दोन-तीन चुकल्या की जाणवतं, आणि दोष गोळीवर येतो.

बाकीची तपासणी पटकन सांगतो. टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी आणि हिमोग्लोबिन, कारण दोन्हींच्या बिघाडात धडधड होते. दिवसातला चहा: बाईंचे बँकेतले धरून सात कप होत होते. नव्याने सुरू झालेली औषधं: दम्याचा पंप, स्टेरॉइड, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. पित्ताची ओमेप्रॅझोलही विचारायची. तिच्यामुळे एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ती अचानक बंद केली तर ते खाली येतं. या वयात पाळी अनियमित होऊ लागली असेल तर पहाटेचा घाम आणि तुटक झोप तिकडूनही येते. शिवाय घरात काय बदललं, हेही बघायचं. मुलगा जुलैत पुण्याला शिकायला गेला होता आणि बाई त्याला दिवसातून आठ वेळा फोन करत होत्या. हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही सहज बोलता बोलता.

जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी पहिल्याच दिवशी भरून घेतली होती. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी ही चाचणी एकूण २१ गुणांची असते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता धरतात. त्यांचे गुण १६ आले. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो, कारण "काहीच फरक नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला दोन महिन्यांपूर्वी आपण कसे होतो हे नीट आठवत नाही.

गोळी किती आणि कोणती, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, समुपदेशक नाही. समुपदेशकानं करायचं ते म्हणजे डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांसाठी एक पानाची टिपण तयार करून देणं: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून, खरोखर किती घेतली, आधी काय काय घेऊन झालं, त्याचा त्रास काय झाला, कुटुंबात कोणाला उन्मादाचे झटके येऊन गेलेत का. शेवटचा प्रश्न लोक टाळतात. पण बायपोलर (कधी उदासी, कधी उन्माद असा) आजार असेल तर अशा गोळीनं माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो.

डॉक्टरांनी आधी तीच १० मिलिग्रॅमची गोळी न चुकवता सहा आठवडे घ्यायला सांगितलं. गुण १४ वर आले. मग २० मिलिग्रॅम. इथे आपल्याकडची एक मेख आहे. बाईंची गोळी साधी नव्हती, जोडगोळी होती: एस्सिटालोप्रॅम १० आणि क्लोनाझेपॅम (घबराट लगेच शमवणारं, झोप आणणारं औषध) ०.५. ती दोन घेतली तर क्लोनाझेपॅमही दुप्पट होतं. आणि ती एकदम बंद केली तर दोन औषधं एकदम बंद होतात, मग क्लोनाझेपॅम सुटल्याची घबराट नव्या गोळीच्या माथी मारली जाते. दिवाळीतल्या सुटलेल्या दिवसांचा त्रासही काही प्रमाणात हाच असणार. डॉक्टरांनी दोन्ही वेगळी लिहून दिली: एस्सिटालोप्रॅम २० सकाळी, क्लोनाझेपॅम ०.५ रात्री. तुमच्या स्ट्रिपच्या मागे दोन नावं छापली आहेत का, हे आजच बघून ठेवा.

मार्चच्या मध्यावर बाईंना घाई झाली, आत्ताच बदला म्हणाल्या. डॉक्टरांनी थांबवलं. २० मिलिग्रॅमला सहा आठवडे पूर्ण व्हायचे होते, आणि मार्चअखेरचं बँकेचं क्लोजिंग तोंडावर होतं. त्यात रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यापर्यंत नुसती गर्दी, घरी पाहुणे. ज्या पंधरवड्यात रात्री आठपर्यंत टॅली जुळवायची आहे, त्यात गोळी बदलू नये. लग्नकार्य, परीक्षा, घर बदलणं यांनाही हेच लागू. मार्चअखेर गुण १३, वर घाम आणि दिवसभर जांभया. आता बदलायला हरकत नव्हती.

बदलण्याच्या तीन रीती आहेत. जुनी आज बंद, नवी उद्यापासून. जुनी हळूहळू शून्यावर आणून मग नवी. किंवा एक उतरवत दुसरी चढवत नेणं. कोणती, हे गोळ्यांच्या जोडीवर ठरतं. फ्लुओक्सेटिन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते, तर पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सोडताना सगळ्यांत जास्त त्रास होतो. बाईंना सर्ट्रालिन द्यायचं ठरलं आणि तिसरी रीत निवडली. पहिला आठवडा जुनी १० आणि नवी २५. दुसरा आठवडा जुनी ५, नवी ५०. तिसऱ्यापासून जुनी बंद, नवी ५०, आणि गरज पडली तर पुढे १००. क्लोनाझेपॅम या काळात जसंच्या तसं. हा त्यांचा तक्ता आहे. साठीच्या पुढच्या, गरोदर किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्या माणसाचा तक्ता वेगळा असतो, तेव्हा हा उतरवून घेऊ नका.

गडबड दुसऱ्या आठवड्यात झाली. दहाची गोळी मोडून पाच करायची होती. ती वेडीवाकडी तुटायची, चुरा व्हायचा. बाईंनी कंटाळून ती सोडूनच दिली, आणि नवी मात्र चुकून २५ वरच ठेवली. तिसऱ्या दिवशी डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं, जिना उतरताना झोक जायचा, स्वप्नं चित्रविचित्र, आणि विनाकारण रडू. "नवी गोळी मला सोसत नाही," असं सांगत फोन आला.

नवीचा त्रास तसा नसतो. सर्ट्रालिनमध्ये पहिला आठवडा-पंधरवडा मळमळ, पातळ शौच आणि अंगात एक प्रकारची अस्वस्थ चुळबूळ असते. जेवणाबरोबर, सकाळी घेतली की पोटाचं बरंचसं आटोक्यात राहतं. करंट आणि झोक जाणं ही जुनी गोळी पटकन सुटल्याची खूण. ती दोन-चार दिवसांतच सुरू होते, आणि जुनी थोडी परत दिली की काही दिवसांत विरते. आजार उलटला तर असा तारीख धरून येत नाही. तो आठवड्यांच्या अंगानं, जुन्याच विचारांसकट येतो: मुलाला काही झालं असेल, व्हाउचरात चूक राहिली असेल. तिघांतला फरक अंदाजानं कळत नाही, तारखांनी कळतो. म्हणून कालनिर्णयाच्या रोजच्या चौकोनात दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: आज किती गोळी घेतली आणि सगळ्यांत त्रासदायक काय वाटलं. त्या चौकोनांमुळेच गफलत उघडी पडली. डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमचीच अख्खी गोळी लिहून दिली (ती मिळते, मोडायची गरजच नव्हती) आणि नवी ५० केली. चार दिवसांत करंट थांबला.

दोन गोळ्या एकत्र चालू असतात तेव्हा घरात पडलेलं तिसरं काही घेऊ नये. कंबरदुखीची ट्रॅमाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप, अर्धशिशीची सुमाट्रिप्टान हे डॉक्टरांना विचारूनच. जोराचा घाम, कापरं, पाय आपोआप झटके देणं, ताप, जुलाब आणि गोंधळलेपण हे काही तासांत एकत्र आलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, किंवा झोप न घेताही अचानक उत्साहाचं उधाण आलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. रात्री-अपरात्री बोलायला केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती २०२२ मध्ये सुरू झाली आणि चोवीस तास चालते.

गोळी जमेपर्यंत समुपदेशन थांबवायचं, हा समज मला पटत नाही. उलट याच काळात कामाला धरायला काहीतरी ठोस हवं असतं. बाईंचा चहा दर चार दिवसांनी एकेक कप कमी करत तीनवर आणला. एकदम तोडला असता तर डोकेदुखी आली असती आणि तीही गोळीच्या नावावर गेली असती. मुलाला फोन आठवरून चार, मग दोन, ठरलेल्या वेळी. व्हाउचर एकदा तपासायचं, सही करायची, पुढे सरकवायचं. हात परत जातो, तेव्हा येणारी धडधड चढते आणि अर्ध्या तासाच्या आत बहुधा स्वतःच उतरते. हे एकदा अंगानं अनुभवलं की पुढचं सोपं जातं. गोळीनं धडधड कमी होते, पण पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय गोळीनं जात नाही. तीन वर्षांत हे काम झालंच नव्हतं, आणि माझ्या मते गोळी "बंद पडण्याचं" मोठं कारण हेच होतं.

सहाव्या आठवड्यात सर्ट्रालिन १०० झालं. आठव्या आठवड्यात गुण ८, बाराव्यात ५. आठव्या आठवड्याआधी नव्या गोळीला नापास करू नये. चिंतेत पूर्ण परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो, कधी त्याहूनही जास्त. नवी गोळी लागू पडली नसती, तर पुढे ड्युलॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन (रक्तदाब मोजत) असे पर्याय शिल्लक होतेच.

क्लोनाझेपॅमला हात त्यानंतर लावला. डॉक्टरांनी ०.५ वरून पाव-पाव भाग, दर दोन-तीन आठवड्यांनी कमी करायला सांगितलं. ज्या आठवड्यात झोप बिघडली, त्या आठवड्यात पुढची पायरी घ्यायची नाही, पण मागेही जायचं नाही. सर्ट्रालिन मात्र बरं वाटायला लागल्यापासून निदान वर्षभर चालू ठेवायचं आहे. जुन्या जोडगोळीच्या उरलेल्या दोन स्ट्रिपा बाईंनी डब्यातून काढून दुकानात परत देऊन टाकल्या.