बर्गमन यांच्या 'द सायलेन्स'मधील दोन बहिणींचे नेमके बिनसले कशावरून?

आपण विचारले आहे की स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा 'द सायलेन्स' (१९६३) हा चित्रपट शेवटपर्यंत पाहूनही एस्टर आणि आना या बहिणींचे वैर कशातून आले ते उमगले नाही, तेव्हा आपल्या नजरेतून काही सुटले का. काहीही सुटलेले नाही. वडिलांच्या मृत्यूचे एस्टरला झालेले दुःख, धाकटीच्या शरीरसुखाबद्दल तिला वाटणारी किळस आणि त्याच वेळी असह्य मत्सर, आणि थोरलीच्या तत्त्वनिष्ठेखाली आयुष्यभर दबल्याची आनाची चीड, एवढे धागे हाती लागतात. पण त्यांचा पीळ उलगडून दाखवणारा एकही प्रसंग बर्गमन यांनी ठेवलेला नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही कारणच शोधत बसलो होतो. शीर्षकाला मी मनातल्या मनात 'अबोला' हा मराठी शब्द लावला होता आणि तिथेच चुकलो. आपल्याकडच्या अबोल्यात माणसे बोलत नाहीत, पण एकमेकांचे भान सोडत नाहीत. ताट वाढल्याचा निरोप पोरांकरवी जातोच. इथे उलट आहे. या बहिणी बोलतात, आणि बोलतात ते मुख्यतः जखम करण्यासाठी. आना आपल्या परपुरुषाशी झालेल्या संगाची हकीकत थोरलीला सांगते, ती कबुली म्हणून नव्हे, तर तिला ती ऐकावी लागावी म्हणून. निरोप्या पोर मात्र इथेही आहे. आनाचा मुलगा योहान दोघींच्या खोल्यांमधून आणि हॉटेलच्या लांबच लांब दालनांतून एकटा फिरत असतो, आणि माझ्या मते चित्रपट त्याच्या नजरेने पाहिला तरच तो उलगडू लागतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. एस्टर व्यवसायाने अनुवादक आहे. तरीही प्रवासात आजार बळावल्यामुळे ज्या तिमोका नावाच्या शहरात या तिघांना उतरावे लागते, तिथली एकही पाटी तिला वाचता येत नाही. ती भाषा बर्गमन यांनी रचलेली आहे, पण तिच्यात एस्टोनियन भाषेचे अंश आहेत (त्यांची त्या वेळची पत्नी, पियानोवादक केबी लारेतेई, मूळची एस्टोनियन होती). हॉटेलातल्या म्हाताऱ्या नोकराकडून एस्टर हातासाठी 'कासी' हा शब्द शिकते, आणि एस्टोनियनमध्येही हाताला जवळजवळ तेच म्हणतात. सख्ख्या बहिणीशी जिचे एक वाक्य धड होत नाही, ती अनोळखी म्हाताऱ्याशी एकेका शब्दावर नाते जोडते. रेडिओवर बाखचे संगीत लागते तेव्हा त्या संगीतकाराचे नाव दोघांनाही ठाऊक असते. आणि पलीकडच्या खोलीत बसलेली आनाही हे काय वाजते आहे असे विचारते, तेव्हा त्या घडीपुरती तरी कोणी कोणाला बोचकारत नाही. अवघ्या चित्रपटात अशी घडी बहुधा ही एकच.

बर्गमन यांच्याच 'थ्रू अ ग्लास डार्कली' आणि 'विंटर लाइट' यांच्याबरोबर हा चित्रपट त्रयी म्हणून गणला जातो, त्यामुळे पुष्कळ समीक्षक शीर्षकातील मौन ईश्वराचे मानतात. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या डोक्यावर ते ओझे कशाला? सुरुवातीच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे, रात्री हॉटेलखालच्या अरुंद रस्त्यात येऊन थांबणाऱ्या रणगाड्याकडे आणि स्वेन निक्विस्त यांच्या कॅमेऱ्याने दोघींचे चेहरे एकाच चौकटीत पकडूनही त्यांची नजर कशी भिडू दिली नाही याकडे लक्ष द्यावे. इंग्रिड थुलिन यांनी एस्टरचा श्वास कोंडण्याचा प्रसंग इतक्या उघडेपणाने केला आहे की तो मला आजही पूर्ण पाहवत नाही. त्या काळी गाजलेल्या शृंगारदृश्यांचा धक्का आता बराच ओसरला आहे. या प्रसंगाचा ओसरलेला नाही.

पुन्हा पाहणार असाल तर शेवटच्या पत्रासाठी पाहा. आजारी एस्टरला हॉटेलातच टाकून आना मुलासह गाडीत बसते. निघण्यापूर्वी मावशीने योहानच्या हाती एक कागद दिलेला असतो, त्यावर त्या परक्या भाषेतले काही शब्द उतरवलेले असतात. आना तो कागद पाहून परत करते, खिडकी उघडते आणि पावसात चेहरा भिजवून घेते. योहान मात्र ओठ हलवत, आवाज न करता, ते शब्द जुळवत राहतो.