कागदावर नाव कुणाचं ते आधी बघ

बाळा,

दुबईच्या नोकरीबद्दलचा तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर बराच वेळ नुसता पडून होतो, झोप काही लागेना. दुबईत गाडी कुठली घ्यावी, हप्ता किती बसेल हे पहिल्या चार ओळींत, आणि व्हिसाचं पार शेवटी, तेही "एजंट म्हणतोय आधी व्हिजिटवर या, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू" एवढंच. अरे, उलटा चाललायस तू.

जावं की न जावं यावर मी बोलणार नाही. लोट्याच्या प्लांटमध्ये इतकी वर्षं राबलास, काम येतं तुला, आईनेही मनाची तयारी केलीय, जा. मला एकच सांगायचंय आणि ते मी शेवटपर्यंत सांगत राहणार, कंटाळलास तरी. कुठलाही कागद हातात आला की आधी बघायचं, नाव कुणाचं आहे. रक्कम नंतर, तारीख नंतर. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं बघत आपण मोठे झालो, कोकणातल्या पोराला हे वेगळं सांगावं लागू नये खरं तर.

तू ऑफर लेटरचा फोटो पाठवलास तो जरा मोठा करून बघ. वर लेटरहेडवर एक कंपनी आणि खाली सहीशेजारच्या शिक्क्यात दुसरीच, मॅनपॉवर सप्लायवाली. तुझा पगार, रजा, ग्रॅच्युइटी सगळं त्याच कंपनीकडे मागायचं असतं जिच्या नावावर तुझा व्हिसा आणि लेबर कॉन्ट्रॅक्ट असतं, साइट कितीही मोठ्या कंपनीची असली तरी. तर त्यांना सरळ विचार, व्हिसा कोण काढणार? आणि तिथल्या लेबर मिनिस्ट्रीत, ज्याला तिकडे सगळे मोहरे म्हणतात, तिथे रजिस्टर होणारी ऑफर मागून घे. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती लिहिलाय ते बघ, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक. पगाराचा आकडा मोठा आणि बेसिक एवढासा असेल तर निघताना हातात काही पडत नाही.

व्हिजिटवर जायचं नाही. विषय संपला. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि पकडला गेलास तर एजंट नाही, तू आत जाणार, कारण नाव तुझं. हा एजंट सव्वा लाख मागतोय म्हणतोस, त्याचं नाव ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारच्या साइटवर, शोध आधी. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन्स असलेल्या एजंटला सर्व्हिस चार्ज म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे. पावती मागितल्यावर तो काय बोलतो बघ. आणि तिथे उतरल्यावर पासपोर्ट कुणी ठेवून घेऊ म्हटलं तर द्यायचा नाही, ते त्यांना करता येत नाही.

आता टॅक्स. दुबईत टॅक्स नाही असं तुला ज्याने त्याने सांगितलंय, पगारापुरतं ते खरंय. पण आपलं सरकार तुला रेसिडेंट धरणार की एनआरआय हे दिवसांवर ठरतं, आणि ते तू मोजलेलेच नाहीस. १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये भारतात १८२ दिवस भरले की तू रेसिडेंट, मग त्या वर्षातला दुबईचा पगारसुद्धा इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आणि त्यावर टॅक्स भरायचा. आई म्हणते दिवाळी करून जा. दिवाळी केलीस तर १८२ केव्हाच उलटून गेलेले असणार. कंपनी आधी घेत असेल तर गणपती करून निघ, २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बस. आणि एवढ्यावर निवांत होऊ नको, समज २५ सप्टेंबरला निघालास तर तोवर १७८ दिवस झालेले असतात, मग मार्चमध्ये शिमग्याला दहा दिवस आलास की १८८, झालास परत रेसिडेंट. त्यामुळे पहिल्या वर्षीचा शिमगा सोड. काय सोडायला सांगतोय ते मला कळतं रे. पालखी दारात आलेली आणि आपण तिकडे कॅम्पच्या खोलीत, फोनवर नुसता ढोल ऐकायचा. माझ्या आईने किती वर्षं एकटीने ओटी भरली देवीची, ती आता नाही, आणि ते शिमगे काही परत मिळत नाहीत. तरी पहिल्या वर्षी सोड, पुढच्या वर्षापासून हवा तेवढा नाच.

बँकेचं पटकन सांगतो. इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या पैशासाठीचं खातं, करून घ्यायचं, बँकेला तूच जाऊन सांगायचं, ती आपणहून करत नाही. तिकडचा पगार एनआरई, म्हणजे बाहेरच्या कमाईसाठीच्या, खात्यात पाठव, त्याचं व्याज इथे टॅक्स फ्री, एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर सेस कापतात. एनआरईवर पहिलं नाव तुझं, दुसरं आईचं, फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर असं लिहून, म्हणजे तू आहेस तोवर खातं तू चालवणार, तुझ्यामागे आई. चुलते म्हणतायत म्हणून त्यांचं नाव घालायला जाऊ नको, त्या खात्यावर चुलत्याचं नाव चालतच नाही.

आणि गाडी. दुबईतली नंतर, आधी इथल्या एमएच-०८ चं बोलू. "मित्राला देऊन जातो, पैसे तो हळूहळू देईल, कागद पुढच्या वेळी आलो की करू." हे वाचून मला राग आला, खरंच आला. आरसीवर तुझं नाव आहे तोवर गाडी तुझी, पैसे कुणी कुणाला दिले त्याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलंय, रजिस्टरवर ज्याचं नाव तो मालक, नुकसानभरपाई त्याच्या डोक्यावर. तो मित्र इन्शुरन्स रिन्यू करायला विसरला आणि परशुराम घाटात कुणाला ठोकलं तर नोटीस तुझ्या आईच्या दारात येणार. फॉर्म २९ आणि ३० भरून, आरटीओत नाव बदलून, पॉलिसीही त्याच्या नावावर करून मगच चावी दे. मित्र नाराज झाला तर होऊ दे.

नाराजीचं मला सांगू नये कुणी, मी ती भोगलीय. शारजाला असताना आमच्याच वाडीतला एकजण माझ्याकडे आला, त्याला गाडी हवी होती आणि त्याच्या पगारावर बँक लोन देईना, म्हणे तुझ्या नावावर घे, हप्ते मी भरतो. मी नाही म्हटलं. रडला, गावच्या देवाची शपथ घातली, तरी नाही म्हटलं. मग गावभर झालं की हा गल्फला गेला आणि माणुसकी विसरला, त्यांच्या घरच्या लग्नाला माझ्या आईला बोलावणं आलं नाही, विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. त्याने पुढे दुसऱ्या कुणाच्या नावावर घेतली, वर्षभराने नोकरी गेली तेव्हा गाडी पार्किंगमध्ये टाकून हा इकडे निघून आला, आणि ज्याचं नाव होतं त्याला एअरपोर्टवर अडवला, लोन थकलं म्हणून ट्रॅव्हल बॅन. त्याच्या बहिणीचं लग्न त्याच्याशिवाय झालं. आमच्या वाडीतल्याने माझ्याशी शेवटपर्यंत बोलणं टाकलं, मीही गेलो नाही, आणि आता तो राहिला नाही. हे सलतं मला. त्याच्या खळ्यात जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. पण सही? ती मी आजही करणार नाही. तिकडे तुलाही असा कुणीतरी भेटणारच, आपलाच असेल, चांगला असेल, खरोखर अडलेला असेल. पदरचे हजार-दोन हजार दिरहम दे त्याला, परत येणार नाहीत असं धरून दे. नाव देऊ नको.

दुबईत पहिलं वर्ष गाडी घेऊच नको असं माझं मत. रेसिडेन्स व्हिसा लागला की आपलं इंडियन लायसन्स तिथे चालत नाही, ड्रायव्हिंग स्कूलमधून टेस्ट पास व्हावी लागते, आणि तिकडे सगळं उजव्या बाजूने. आपण आंबा घाटात चालवलीय म्हणून तिथल्या राउंडअबाउटवर जमतं असं नाही. मधल्या काळात रूममेटची गाडी "जरा कोपऱ्यापर्यंत" असं करून घेऊ नको, लायसन्स नसताना अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी समोरच्याला पैसे देते आणि नंतर ते वसूल करते. उलटंही तसंच. तुझी गाडी झाली की मुलकियावर, म्हणजे तिथल्या आरसीवर, नाव तुझं, दंड येणार तो तुझ्यावर, चालवत कोणीही असो.

इन्शुरन्समध्ये हेल्थचा कंपनीने काढून द्यायचा असतो, तो कायद्याने सक्तीचा आहे, पण नोकरी गेली की तोही गेला, आणि आईला तो लागू नाही. तिची पॉलिसी इथे वेगळी काढ, आत्ता, शुगर निघायच्या आधी. नोकरी गेल्यावर थोडे महिने पैसे देणारा एक सरकारी इन्शुरन्स आहे तिकडे, बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला फक्त ५ दिरहम, तो मात्र तू स्वतःच स्वतःच्या नावाने काढायचा, कंपनी काढेल म्हणून बसलास तर ४०० दिरहम दंड.

शेवटचं म्हणजे जमीन, आणि यावर तू एक ओळही लिहिली नाहीस. बाबा जाऊन दोन पावसाळे झाले आणि कलमांच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. एनआरआय झालास की शेतजमीन विकत घेता येत नाही, आंब्याची बाग नाही, फार्महाऊस नाही, फक्त आधीपासून नावावर असलेली किंवा वारसाने येणारी ठेवता येते. म्हणजे चुलत्यांचा हिस्सा घ्यायचा विचार असेल तर जायच्या आधी, आणि स्वतःचं नाव तर लागायलाच हवं. चुलत्यांना जनरल कुलमुखत्यारपत्र देऊन जातो म्हणालास, ते करायचं नाही. द्यायचंच तर आईला, एका कामापुरतं, कुठलं काम ते लिहून. पुढे लागलं तर दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये सही करून पाठवता येतं, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरायची.

वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात दे. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस जातातच, कुणी हरकत घेतली की मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखा पडतात, ते सगळं तू इथे असताना व्हायला हवं. मृत्यूचा दाखला, सातबारा, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र काढून ठेव. त्यात ताईचं नाव हवंच. लग्न झालंय म्हणून गाळा असं चुलते म्हणतील, ऐकायचं नाही. तुला बोलायला जड जात असेल तर तलाठ्याकडे मी येतो बरोबर, चुलत्यांसमोर मी सांगतो.

काका