‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’मध्ये काही घडतच नाही, पुढे वाचू का?

वाचा. फक्त कथानक कधी सुरू होतंय याची वाट बघू नका, कारण ते नाहीच. अमेरिकन लेखिका विला कॅथरने १९२७ साली ही कादंबरी लिहिली ती संतांच्या आख्यायिकांच्या वळणाने: एकापुढे एक प्रसंग, आणि कुठेही आवाज चढवायचा नाही.

१८४८चं रोममधलं प्रास्ताविक प्रकरण बहुतेकांना अडवतं. कार्डिनल (पोपखालचे बडे धर्मगुरू) जेवतायत, गप्पा हाणतायत. त्यातून एवढंच घ्या की न्यू मेक्सिको नुकताच अमेरिकेकडे आलाय आणि तिथे नवा बिशप हवाय. खरी सुरुवात १८५१मध्ये, माळरानात वाट चुकलेल्या नव्या बिशपपासून, ज्याँ मारी लातूरपासून. (नावावर जाऊ नका, माणूस फ्रेंच आहे.) न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात पोचतो तर तिथले पाद्री त्याला बिशप मानायलाच तयार नाहीत. मग कागदपत्रांसाठी घोड्यावरून थेट मेक्सिकोतल्या डुरांगोला! नकाशा जवळ ठेवा. अंतरं कळली नाहीत तर निम्मी मजा जाते.

मजा कशी, तर दुसऱ्या भागात त्याचा सोबती फादर व्हायाँ एका रँचवर लग्नं-बाप्तिस्मे लावायला जातो. मालकाच्या पांढऱ्या खेचराची इतकी तारीफ करतो की मालक ते देऊन टाकतो. त्यावर फादर म्हणतो, माझं जनावर बिशपच्या जनावरापेक्षा सरस असणं बरं दिसत नाही. झालं, जोडीतलं दुसरंही गेलं.

इतिहास म्हणून मात्र जपून वाचा. लातूरमागे खरा आर्चबिशप लामी आहे, व्हायाँमागे माशबफ. त्यांची नावं बदलली. न्यू मेक्सिकोतल्याच ताओस गावच्या पाद्री मार्टिनेझचं नाव तसंच ठेवलं आणि त्याला भोगी, सत्तालोभी रंगवलं. खऱ्या मार्टिनेझने शाळा काढली, छापखाना चालवला आणि लामीच्या दशांश-वसुलीला (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला) उघड विरोध केला. त्याच्यावर इथे अन्याय झालाय, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅथरने माशबफच्या १९०८च्या चरित्रातून बरंच घेतलंय, त्यामुळे नजर फ्रेंच पाद्र्यांचीच.

कॅथर १९४७ साली वारली, म्हणजे भारतातले हक्क २००७अखेर संपले. अमेरिकेतही २०२३पासून पुस्तक खुलं आहे. फुकट ई-प्रत घ्या, आधी दुसरा भाग वाचा. तिथेही कंटाळलात तर खुशाल सोडून द्या.