वेगवान प्लेनिंग बोटीच्या (वेगात पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावणाऱ्या बोटीच्या) हलची, म्हणजे मुख्य कवचाची, चाचणी लहान मॉडेलवर घेतली तर निकाल खऱ्या बोटीला लागू पडतात का?

पडतात, पण मॉडेल वरखाली व्हायला आणि नाळ उचलायला मोकळं सोडलं असेल तरच. तुम्ही लिहिलंय की ८ मीटरच्या बोटीची दोन हलपैकी चांगला कोणता हे बघायला एकास दहा मापाची दोन मॉडेलं करून, नाळेला (पुढच्या टोकाला) दोरी बांधून ओढणार आहात. फ्रूडचं गणित (बोटीच्या वेगावरून मॉडेलचा वेग काढण्याचा नियम) तुम्हाला येतच असेल: ३५ नॉटसाठी मॉडेल साधारण ५.७ मीटर प्रति सेकंद पळवायचं, वजन हजारपट कमी. पण ओढ प्रोपेलरच्या शाफ्टच्या रेषेत हवी. ती वरून लागली की नाळ खाली दाबली जाते, ट्रिम (नाळ वर उचलल्याचा कोन) उतरतो, तळाचा जास्त भाग भिजतो आणि घर्षण वाढतं. ट्रिम ४ अंशांच्या आसपास असताना ड्रॅग (पाण्याचा विरोध) सहसा सर्वांत कमी असतो, त्यामुळे एक-दोन अंशांच्या चुकीनेही चांगला हल वाईट ठरू शकतो.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्याकडे एका गस्ती बोटीचं एकास दहा मापाचं मॉडेल चाचणीला होतं. ४.८ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे गेलं की ते डोकं वरखाली करायला लागायचं, आणि दर झोक्याला नाळ आणखी वर. सरळसरळ पोर्पोइजिंग. आमचे वरिष्ठ म्हणाले, "मॉडेल हलकं असतं, उडणारच." अहो, वजन मापात, गुरुत्वमध्य जागेवर, पिचची जडत्वत्रिज्याही (डोकं वरखाली होण्याच्या दृष्टीने वजन किती पसरलंय ते माप) झुलवून जुळवलेली, मग हलकं कसलं? पण त्यांनी ट्रिमला क्लॅम्प लावायला, म्हणजे मॉडेल एकाच कोनात घट्ट धरायला, सांगितलं. आलेख गुळगुळीत आला आणि तोच अहवालात गेला. बोट बांधून झाली आणि ३० नॉटच्या आसपास अगदी तशीच डोलायला लागली. ४.८ ला दहाच्या वर्गमुळाने गुणा, साधारण १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे हाच वेग येतो. शेवटी वजन पुढे सरकवावं लागलं. चाचणीच्या टाकीत हे काम शिशाची एक लादी हलवून झालं असतं.

चाइनची (तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्याची) कड मात्र धारदार ठेवा. रंगाचे थर चढून ती मिलिमीटरभर जरी गोलावली, तरी खऱ्या बोटीवर तो एक सेंटिमीटर होतो. मग पाणी कडेवरून सुटण्याऐवजी बाजूला चिकटून वर चढतं आणि तुम्ही भलताच ड्रॅग मोजता. शिवाय, लहान मॉडेलवर घर्षणाचा वाटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. तो वेगळा काढून दुरुस्त करा आणि प्लेनिंग हलचा ड्रॅग काढण्याच्या सॅवित्स्कींच्या १९६४च्या समीकरणांशी पडताळून बघा.

दोनपैकी कोणता हल चांगला, हे आकार बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. लाटांत आपटण्याचे धक्के आणि प्रोपेलरने हवा ओढणं या साध्या ओढचाचणीत कळत नाही. आणि हो, क्लॅम्प लावलेल्या चाचण्यांनाही जागा आहे. एकेका ट्रिमला लिफ्ट (पाण्याने दिलेली उचल) आणि ड्रॅग किती, हे त्यांतूनच मिळतं. फक्त बोट स्थिर धावेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

तेव्हा आधी मोकळ्या मॉडेलची धाव घ्या. डोलणं सुरू झालं तर तो वेग आणि गुरुत्वमध्याची जागा अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा. क्लॅम्प लावा असं कोणी म्हणालं, तर त्याचं कारण लेखी मागा.