ग्रेड ३ चे गुडघे, दुसरा मजला आणि लिफ्ट नाही

तुमचा प्रश्न असा: आई ६३ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्स-रेवर ‘ग्रेड ३’. डॉक्टर म्हणाले, पुढेमागे ऑपरेशन लागेल, तूर्त जपा. तेव्हापासून आई पलंग सोडायला तयार नाहीत, दिवसभर पट्टा बांधून बसतात. मी डॉक्टर नाही, पण या दुखण्याशी माझा जुना घरोबा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी त्या ग्रेडचा धसका सोडा. एक्स-रेत दिसतं ते एवढंच, की दोन हाडांमधली फट किती उरलीय आणि कडेला हाड किती वाढलंय. दुखणं किती, हे त्यात उमटत नाही. ग्रेड ४ घेऊन मंडईत जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि ग्रेड २ वर हाय खाल्लेल्याही. गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू. माणूस बसून राहिलं की आधी तोच वाळतो, मग सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि बसणंही वाढतं. आईंचं नेमकं हेच चाललंय.

तेव्हा सुरुवात पलंगावरच करा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. मांडीवर हात ठेवला की स्नायू दगडासारखा घट्ट झालेला कळतो. पाच अंक मोजून सोडायचं, असं दहा वेळा. हे अंगवळणी पडलं की खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, जमेल तशी उशी काढा. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे नेऊन व्यायाम त्यांच्यासमोर करून घ्या. व्हिडिओतली बाई आपली चूक सांगत नाही. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या खेपेला निम्मं करायचं. बंद मात्र करायचं नाही.

खरी लढाई घरात असते. संडास देशी असेल तर उद्याच्या उद्या त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणा, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. शेजारच्या भिंतीत धरायला पक्का दांडा ठोकून घ्या. टॉवेलच्या दांडीला धरून उठू देऊ नका, ती एक दिवस हातात येते. भाकरी खाली बसून थापायची सवय असेल तर परात ओट्यावर आणा आणि खाली ओलं फडकं घाला म्हणजे थापताना सरकत नाही. ओटा उंच पडत असेल तर टेबलावर थापा. भाजी निवडणं, लसूण सोलणं खुर्चीत. पूजा मांडायची तर टेबलावर मांडा. देवाला चालतं, नातेवाइकांना चालत नाही, पण गुडघे त्यांचे नाहीत.

जिन्याचा नियम बहुतेकांना उलटा वाटतो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दोन्ही दुखत असतील तर जास्त कुरकुरणारा तो दुखरा. एका हाताने कठडा धरायचा आणि दर पायरीवर दोन्ही पाय जोडायचे, लाज वाटू द्यायची नाही. सपाटीवर काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुधासाठी, कोथिंबिरीच्या जुडीसाठी गॅलरीतून दोरीने पिशवी सोडा, वाचलेली फेरी संध्याकाळच्या फिरण्याला वापरा. खाली जाणंच बंद केलं तर महिनाभरात जिना खरोखरच चढवणार नाही. पट्टाही बाहेर जाताना बांधावा, घरात मांडीला काम करू द्यावं.

वजनाचा विषय आईंना आवडणार नाही. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. ‘वंगण संपलंय’ म्हणून शेजारणी डिंकाचे लाडू सुचवतात. लाडवाने वंगण येत नाही, वजन येतं.

औषधांत आधी चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल. गोळीच्या मानाने ते रक्तात फार थोडं उतरतं. दुखण्याची गोळी मेडिकलवाल्याला विचारून रोज घेऊ नये, विशेषतः बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर. सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं पूरक औषध ग्लुकोसामाइन, त्यावर मी पैसे घालणार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते एकंदरीत नुसत्या दाखवायच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, लग्नकार्यापुरतं ठीक. पण सारखं घेतल्याने कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं मऊ अस्तर, जास्त झिजल्याचं दिसलंय. आणि कोणी बिननावाची ‘जडीबुटीची’ पुडी दिली आणि दोन दिवसांत आई पळायला लागल्या, तर खूश होऊ नका, घाबरा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला किंवा सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकला, तर प्रकरण निव्वळ झिजेचं नसू शकतं. लगेच दाखवा.

ऑपरेशनचा बाऊ नको, घाईही नको. दुखण्याने रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालणं जड जातं, व्यायाम मन लावून करूनही फरक नाही, तेव्हा विचार करायचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरली होती. खोली, सर्जन, भूल यांचा खर्च मात्र त्याबाहेर असतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी आणि वेगवेगळ्या रकमांचं मागा. मांडी आधीच मजबूत असेल तर ऑपरेशननंतर पायावर उभं राहणं सोपं जातं, म्हणजे टॉवेलची गुंडाळी तिथेही कामाला येते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेसोबत एक कागद न्या: आई किती वेळ सलग चालतात, किती पायऱ्यांवर थांबतात, रात्री किती वेळा जाग येते, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि बोलू आईंनाच द्या, तुम्ही शेजारी बसा.