माहेरच्या एफडीतून न्यूझीलंड: जा, पण नऊ लाख काढू नका

प्रश्न: आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. मी ५३ वर्षांची, अनुदानित शाळेत १९९८ पासून शिक्षिका. यजमान ५७ वर्षांचे, चाकणच्या एका कंपनीत आहेत, पुढच्या वर्षी मार्चअखेर रिटायर होतील. त्यांना बीपी आहे. आईचं घर विकल्यावर माझ्या वाट्याला आलेल्या पैशांची ९ लाखांची एफडी (पावणेसात टक्के) येत्या ऑगस्टमध्ये मॅच्युअर होतेय. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनीच न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडी भाड्याने घेऊन तेरा-चौदा दिवस फिरावं, असं माझ्या मनात आहे. परदेशी आम्ही कधीच गेलेलो नाही. यजमान म्हणतात, आधी घराचं कर्ज फेड (३ लाख ८० हजार बाकी, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २१,०००) आणि उरलेले म्हातारपणाला ठेव. जायचंच असेल तर पाच लाखांत होईल, गाडी काय मीच चालवणार आहे. मुलगी म्हणते ग्रुप टूर घ्या, दोघांचे ९ लाख २० हजार, हप्त्यांवर मिळतेय. काय करू?

उत्तर:

नमस्कार ताई,

जा. पण एफडी मुदतीआधी मोडू नका आणि सगळी खर्चूही नका. माझ्या हिशोबाने सहल सात लाखांची आहे. त्यातले साडेचार लाख एफडीतून घ्या आणि अडीच लाख दोघांच्या पगारातून, आत्ताच्या जानेवारीपासून महिना २५,००० बाजूला टाकून. हप्त्यांवर टूर घ्यायचा विषय मात्र बंद करा. रिटायरमेंटला सव्वा वर्ष उरलेलं असताना फिरण्यासाठी नवं कर्ज काढू नये, त्यावर मी जास्त शाई खर्च करत नाही.

आता यजमानांचं म्हणणं. साडेआठ टक्के देतोय आणि पावणेसात घेतोय, मग कर्ज आधी, हे गणित वरवर बिनतोड आहे. पण तुमचं कर्ज आता शेवटाला आलंय. २१,००० च्या हप्त्याने ते १९-२० महिन्यांत संपेल, आणि तेवढ्या काळात एकूण व्याज जाईल जेमतेम २८,०००. आज एकरकमी भरलंत तर हे २८,००० वाचतील, पण तेवढ्याच पैशांवर एफडीत मिळालं असतं ते व्याज बुडेल. दोन्हींची वजाबाकी केली तर फायदा फार तर दहा हजारांचा. घरकर्जाचं बहुतेक व्याज सुरुवातीच्या वर्षांतच भरून झालेलं असतं. हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी आला असता तर मी डोळे मिटून यजमानांच्या बाजूने उभा राहिलो असतो. रिटायर झाल्यावर पाच-सहा हप्ते राहतील, ते ग्रॅच्युइटीतून सहज जातील. आणि तरीही कर्ज फेडायचंच ठरलं, तर आधी फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर तुमचं नाव आहे का ते बघा. माहेरचे पैसे ज्या घरात घालायचे त्या घराच्या कागदावर आपण असावं, एवढी साधी गोष्ट पुष्कळ घरांत राहून जाते.

म्हातारपणाचं म्हणाल तर तुमच्या घरात चित्र नेहमीपेक्षा उलटं आहे. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी अनुदानित शाळेत लागलात, म्हणजे तुम्हाला जुनी पेन्शन. यजमानांना खाजगी नोकरीतली ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफला जोडलेल्या योजनेची पेन्शन मिळेल. तिचा हिशोब १५,००० रुपयांच्या कमाल पगारावर होतो, त्यामुळे पस्तीस वर्षं नोकरी झाली तरी ती महिना साडेसात हजारांच्या घरात राहते. तेव्हा जपायचा पैसा त्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी. त्याला सहलीसाठी हात लावायचा नाही. तुमच्या एफडीतला काही भाग खर्चायला हरकत नाही, कारण तुमच्यामागे दरमहा येणारी पेन्शन आहे.

मग साडेचार लाख का ठेवायला सांगतोय? मुख्य कारण मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीबरोबरच संपतो. बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत प्रतीक्षा काळ लागतो (तेवढे दिवस त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तो रिटायर झाल्यावर मोजायला सुरुवात करायची की कंपनीचं छत्र डोक्यावर असतानाच, हे तुम्हीच ठरवा. मी म्हणेन, विमानाच्या तिकिटांच्या आधी स्वतःची फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एक अशी पॉलिसी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. उरलेले पैसे अडीअडचणीला.

आता सहलीचा हिशोब. न्यूझीलंडचा डॉलर मी ५५ रुपये धरलाय, मुद्दाम थोडा चढा. मुंबईहून सिंगापूरमार्गे क्राइस्टचर्च, दोघांची तिकिटं २ लाख ३० हजार. तेरा रात्री मोटेलमध्ये, रात्रीला १९० डॉलर धरून १ लाख ३६ हजार. अशा बहुतेक मोटेलांत छोटं स्वयंपाकघर असतं, म्हणून जेवणाखाण्याला दिवसाला ८० डॉलरच धरलेत, ते ५७ हजार. मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या खाडीतली बोट आणि इतर तिकिटं ३३ हजार. व्हिसा आणि पर्यटकांवरची लेव्ही (ती १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ वरून १०० डॉलर झालीय), प्रवास विमा, मुंबईपर्यंतची टॅक्सी मिळून ८० हजार. गाडी आणि पेट्रोल १ लाख ३ हजार. बेरीज ६ लाख ३९ हजार होते, वर दहा टक्के अडीअडचणीला. झाले सात लाख.

यजमानांचे पाच लाख आणि माझे सात यांत जो फरक पडतोय त्यातला बराचसा गाडीत दडलाय. आपण पेट्रोलचा विचार करतो, आणि पेट्रोल हा तिथला किरकोळ खर्च आहे. क्राइस्टचर्च, टेकापो, आओराकी माउंट कुक, क्वीन्सटाउन, टे आनाउ, मग हास्ट पासने पश्चिम किनारा आणि आर्थर्स पासवरून परत, हा सगळा फेरा दोन हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. लिटरला तीन डॉलर धरले तरी पेट्रोल चोवीस हजारांचं. दक्षिण बेटावर टोलही नाही. डिझेल पंपावर स्वस्त दिसेल, त्याला भुलू नका. डिझेल गाड्यांवर तिथे किलोमीटरप्रमाणे रस्ता कर असतो आणि भाड्याने देणारे तो तुमच्याकडून वसूल करतात.

खरी जोखीम आहे ती ‘एक्सेस’ची. गाडीला काही झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम म्हणजे एक्सेस. दिवसाला साठ डॉलरची जाहिरात असते तिच्या खाली बारीक अक्षरात तो चार-पाच हजार डॉलर असू शकतो. पाच हजार डॉलर म्हणजे पावणेतीन लाख, तुमच्या सहलीच्या जवळजवळ चाळीस टक्के. म्हणून मी भाडं दिवसाला ९० आणि एक्सेस शून्यावर आणणाऱ्या कव्हरचे ३० डॉलर, असं बारा दिवसांचं धरलंय. बुकिंग साइटवर मिळणारं स्वस्त कव्हर वेगळं असतं. त्यात आधी तुम्ही पैसे भरायचे आणि मागाहून क्लेम करायचा, आणि काउंटरवर अनामत म्हणून कार्डवरची रक्कम तरीही अडकते. हे कार्ड बहुतेक ठिकाणी मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्डच लागतं, फॉरेक्स कार्ड (आधी परदेशी चलन भरून नेतात ते) चालेलच असं धरू नका. यजमानांकडे क्रेडिट कार्ड नसेल तर आत्ताच अर्ज करा आणि त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. करारात कुठले रस्ते वगळलेत तेही वाचा. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर जवळपास सगळेच वगळतात.

पहिल्याच परदेशवारीत गाडी चालवायला न्यूझीलंड निवडलंत हे शहाणपणाचं आहे. तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, आणि इंग्रजीतलं भारतीय लायसन्स चालतं. तरी पुणे आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, हजार रुपये फी आणि मुदत एक वर्ष. पोचल्या दिवशी मात्र गाडी ताब्यात घेऊ नका. नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. रात्रभर विमानात बसून आल्यावर अनोळखी रस्त्यावर कशाला? एक रात्र क्राइस्टचर्चला झोपा, एका दिवसाचं भाडंही वाचेल. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका दिवसात करून परत यायचा उत्साहही नको, जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर होतात. टे आनाउला दोन रात्री राहा आणि मिलफर्डच्या दिवशी गाडी मोटेलवरच ठेवून बसने जा. यजमानांनाही डोंगर बघता येतील. एकपदरी पुलांवर आधी कोणी जायचं याच्या पाट्या असतात, त्या आपल्या घाटातल्या ‘मी आलो’ पद्धतीने वाचू नका.

प्रवास विम्यात काटकसर नको. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या दुखापतीवरच्या उपचारांना एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, हे ऐकून काहीजण विमाच घेत नाहीत. ती योजना आजारपणाला लागू नाही, आणि मायदेशी आणण्याचा खर्चही तिच्यात येत नाही. फॉर्मवर बीपी लिहा. लपवलंत तर नेमका तोच क्लेम नाकारला जातो.

ग्रुप टूर वाईट नाही. टूर मॅनेजर, भारतीय जेवण, बॅगांची काळजी नाही, याला किंमत असतेच आणि दोन लाख वीस हजारांचा फरक त्याचाच आहे. फक्त तुम्हाला हवीय ती सहल ती नव्हे. टेकापोच्या तळ्याकाठी तासभर बसून राहायचं असेल तर चाळीसजणांच्या बसमध्ये ते व्हायचं नाही. टूरवर मोठा कर जातो असं कुणी घाबरवलं, तर तो टीसीएस असतो, म्हणजे टूर कंपनीने तुमच्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरलेला कर. आयकर खात्यातल्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. तिकिटं आणि मुक्काम स्वतः वेगवेगळे बुक केलेत की ते पॅकेजच ठरत नाही. फॉरेक्स कार्डावर भरलेले पैसेही टीसीएससाठीच्या माणशी वर्षाला १० लाखांच्या मर्यादेच्या खूप आत आहेत.

पैसे कधी द्यायचे याकडे लक्ष ठेवलंत तर एफडीला मुदतीआधी हात लावावा लागणार नाही. आत्ता सुरू केलंत तर जुलैअखेर पगारातले पावणेदोन लाख जमतील. त्यातून आधी व्हिसा, कारण व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट घेऊ नये. मुक्काम फुकट रद्द करता येणारे घ्या, ते पैसे उशिरा जातात. गाडीचे बरेचदा काउंटरवरच द्यायचे असतात. तिकिटांना थोडे कमी पडले तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून तात्पुरती उचल घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त व्याज, तेही वापराल तेवढ्याच दिवसांचं. ऑगस्टमध्ये ते मिटवून टाका.

एक छोटी गोष्ट. दिवाळी आहे म्हणून फराळ न्याल, भाजणीही न्याल. न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर खाण्याचा प्रत्येक पदार्थ लिहा. न लिहिता सापडला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, म्हणजे बावीस हजार. लिहिलेला लाडू त्यांनी फार तर टाकून दिला, दंड होत नाही.

हे सगळं मी एका अटीवर सांगतोय, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही: तुम्ही स्वतः गाडी चालवता का? दोन हजार किलोमीटर, बीपी, एकच ड्रायव्हर, हा हिशोब मला पटत नाही. मे महिन्यात कोकणात जा, ताम्हिणीमार्गे जाताना अर्धा रस्ता स्टिअरिंग तुमच्या हातात असू द्या, आणि शक्य असेल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या, कारण तिथे तीच मिळेल. जमलं तर करारात दुसरी ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव घाला. नाही जमलं तर दिवस तेवढेच ठेवून शहरांमधला प्रवास बसने करा. गाडीचे एक लाख त्याला पुरतील.