आवाज इंजिनचा, पण नेमका कुठला?

जुन्या गाडीविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत आवाज कसा आहे ते लिहिलंय, पण तो केव्हा येतो ते फार थोड्यांनी लिहिलंय. निदान मात्र ‘केव्हा’वरच होतं. ‘टकटक’ म्हटलं की त्यात सैल टॅपेटही (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) आला आणि झिजलेलं बिग एंड बेअरिंगही (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, जोडतो तिथलं). सैल टॅपेट घेऊन गाडी महिनोन् महिने चालते. बेअरिंग गेलेली गाडी घरी पोहोचेलच असं नाही. म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं टिपून ठेवा: आवाज थंड इंजिनचा की गरम झाल्यावरचा, रेस वाढवली की ठोक्यांची गती वाढते का, आणि चढावर इंजिनवर भार आला की आवाज बदलतो का.

प्रश्न: अठरा वर्षांची पेट्रोल गाडी आहे. सकाळी सुरू केल्यावर टकटक होते, पाचेक मिनिटांत जाते. ‘इंजिन खोलून बघू’ असा सल्ला मिळाला. खोलावं का?

एवढ्यात नको. इंजिन थंड असताना येऊन गरम झाल्यावर जाणाऱ्या टकटकीची तीन नेहमीची कारणं आहेत आणि तिन्ही इंजिन न खोलता तपासता येतात.

पहिलं, हायड्रॉलिक टॅपेट. रात्रभरात त्यातलं ऑइल निथळतं आणि ते पुन्हा भरेपर्यंत तो वाजतो. हा आवाज हलका, कोरडा असतो आणि वरून, व्हॉल्व्ह कव्हरमधून येतो. डिपस्टिकवर ऑइल कमी असेल किंवा ऑइल बदलून बराच काळ झाला असेल तर आधी ते बदला आणि शे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून मग ठरवा.

दुसरं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे जळका वायू इंजिनबाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची, गळती. गॅस्केट जळालेलं असतं किंवा एखादा स्टड तुटलेला असतो. थंड असताना त्या फटीतून वायू टक-टक करत निसटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाजही थांबतो. गाडी वेग घेताना, पेडल दाबताच हा आवाज जास्त येतो. जोडावर काजळीची काळी रेघ दिसली तर निम्मं निदान झालंच. खात्री करायची तर इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना हवा फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी टाका. गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

तिसरं, पिस्टनचा थापडा, म्हणजे पिस्टन स्लॅप. झिजलेल्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टन थोडा हलतो आणि भिंतीवर आपटतो. आवाज बसका, पोकळ असतो आणि ब्लॉकच्या बाजूने ऐकू येतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की तो कमी होतो. ऑइल खाण्याचं प्रमाण वाढलेलं नसेल, सायलेन्सरमधून निळा धूर नसेल, तर या आवाजासकट गाडी वर्षानुवर्षं चालू शकते.

आवाज वरच्या भागाचा की खालच्या, हे ठोक्यांच्या गतीवरून कळतं. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर संथ चालू असेल तर क्रँक सेकंदाला साधारण १३ फेऱ्या घेतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एक सैल टॅपेट सेकंदाला सहा-सातच ठोके देतो. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना वीज वाटून देणारा भाग) जुन्या गाडीत टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरला लावा. तो दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. दर चमकेला एक ठोका आला तर आवाज व्हॉल्व्हच्या बाजूचा आहे. दोन आले तर क्रँक, रॉड किंवा पिस्टनच्या बाजूचा.

प्रश्न: माझ्या गाडीत स्क्रूचे टॅपेट आहेत. एक कायम वाजतो. तो घट्ट केला तर आवाज जाईल ना?

आवाज जाईल, पण अंदाजाने घट्ट केला तर व्हॉल्व्हही जाईल. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण चांगली इंजिनं यातच बिघडतात. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात फट उरली नाही तर गरम झाल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याच्या कडेने जळता वायू निसटतो आणि कड जळते. हे सगळं एकही आवाज न करता होतं. एक टॅपेट वाजत असेल तर तो तर तपासाच, पण जे गप्प आहेत तेही तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट वापरागणिक कमी होण्याकडेच कल असतो.

काम थंड इंजिनवर करा, मॅन्युअलमध्ये गरम इंजिनचं माप दिलं नसेल तर. अनेक गाड्यांत इनलेटची फट ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टची ०.२० ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणा, म्हणजे त्याचे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतील. फिलर गेजचं पातं आत सरकवलं की ते हलकं ओढल्यासारखं लागलं पाहिजे: अडकायला नको, खुळखुळायलाही नको. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि माप बदलतं, म्हणून नट आवळल्यावर पातं पुन्हा घालून बघा. हे पुन्हा बघणं टाळलं की सगळी मेहनत वाया जाते. माप बरोबर असूनही आवाज राहिला तर रॉकरच्या टोकाला खळगा पडलाय का ते पाहा. खळग्यावरून सपाट पातं नुसतं पलीकडे जातं आणि खरी फट मापाहून जास्त राहते.

प्रश्न: गाडी गरम झाल्यावर पिकअप घेताना खालून जड ठोके येतात. ऑइलचा दिवा लागत नाही. जाड ऑइल टाकल्यावर आवाज कमी झाला. लांबच्या प्रवासाला न्यावी का?

नेऊ नका. गॅरेजपर्यंतही टो करूनच न्या.

थंड असताना शांत, गरम झाल्यावर आणि भाराखाली ठोके, ही कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे बिग एंड बेअरिंगची ओळख आहे. बेअरिंग आणि क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तिथली फट साधारण ०.०२५ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. बेअरिंग झिजून ही फट वाढली की ऑइल कडेने निसटतं, थर तुटतो आणि धातूवर धातू आपटतो. गरम ऑइल पातळ होतं म्हणून आवाज तेव्हा वाढतो. जाड ऑइलने थर थोडा काळ टिकला, एवढंच. झीज भरून निघालेली नाही.

दिवा लागत नाही यावर तर मुळीच विसंबू नका. दिव्याचा स्विच साधारणपणे प्रेशर ०.३ ते ०.५ बारच्या खाली घसरल्यावरच चालतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर इंजिनला याच्या कित्येक पट प्रेशर लागतं. स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज बसवा आणि गरम इंजिनवर माप घ्या. दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हा जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब आहे. अंतिम आकडा मॅन्युअलचाच.

मग ऑइल फिल्टर कापा. आतला कागद उलगडून उन्हात धरा. बेअरिंगचा धातू चमचमणाऱ्या बारीक चंदेरी किंवा तांबूस कणांसारखा दिसतो आणि चुंबकाला चिकटत नाही. चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे झीज आणखी कुठे तरी आहे.

कोणता सिलिंडर ते शोधायचं काम मेकॅनिकने करावं, आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवून. इंजिन बंद असताना एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा विजेचा प्लग काढायचा, सुरू करून ऐकायचं, बंद करून प्लग परत लावायचा आणि पुढच्याकडे वळायचं. ज्या सिलिंडरचं ज्वलन थांबवल्यावर ठोका स्पष्ट कमी होतो, दोषी तो. स्पार्क प्लगची वायर उपटून हे करू नका: न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि कॉइलही जाऊ शकते. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारं इंजिन) असेल तर सिलिंडर बंद करायला पाइपच्या नटाला पाना लावायचाच नाही. आत १,००० बारहून जास्त प्रेशर असू शकतं आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. तिथे स्कॅनरनेच सिलिंडर बंद करून पाहावं.

संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उघडण्याआधी आणखी दोन जागा बघायला सांगा: क्रँकच्या पुढची पुली सैल आहे का, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची तबकडी) तडकलीय किंवा तिचे बोल्ट ढिले आहेत का. दोन्हींचा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो आणि त्यापायी नीट असलेली इंजिनं खोलली गेली आहेत. तिथे काही नसेल तर संप काढून बेअरिंगचे शेल (अर्धगोल पातळ तुकडे) पाहायचे आणि जर्नल मायक्रोमीटरने मापायचा. वेळीच पकडलं आणि जर्नल गोल व गुळगुळीत निघाला तर नवे शेल बसवून भागतं. ओरखडे पडले असतील तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ शेल घालावे लागतात. त्याही पुढे गेलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

प्रश्न: सुरू करताना आणि एसी लावल्यावर बेल्ट किंचाळतो. दोनदा बदलला, तरी तेच.

बेल्ट दोनदा बदलूनही तेच होतंय म्हणजे दोष बहुधा बेल्टमध्ये नाही. इंजिन संथ चालू असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या दातेरी बाजूवर स्प्रेने थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थकलाय किंवा पुलीवर तेल आहे. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. तुमचा आवाज सुरू करताना आणि एसीच्या भाराखाली येतो, तेव्हा आधी टेन्शनरवर संशय घ्या.

पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि आयडलर (बेल्टला नुसता आधार देणारी पुली), अल्टरनेटर, वॉटर पंप एकेक करून हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं. गेलेलं खरखरतं, जणू आत वाळू आहे. अल्टरनेटरची ब्रशची हलकी घासण चालते. वॉटर पंपच्या खालच्या भोकाजवळ कूलंटचा वाळलेला डाग दिसला तर पंप बदला, आवाज नसला तरी. बेल्टविना इंजिन चालवून ऐकायचं तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर असू शकतो. आणि हे फक्त बाहेरच्या बेल्टचं; टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

प्रश्न: सुरू करताच दोन-तीन सेकंद समोरून साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो.

टायमिंग चेन असलेल्या इंजिनात बहुधा तीच. तिचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि प्रेशर येईपर्यंत चेन सैल असते. आधी योग्य ग्रेडचं ऑइल आणि ऑइल परत वाहू न देणारा व्हॉल्व्ह असलेला योग्य फिल्टर घाला. तरी खडखड राहिली, किंवा आता गरम इंजिनलाही येऊ लागली, तर थांबू नका. ताणलेली चेन एखादा दात उडी मारते आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. बदलताना चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्रच बदला आणि संपमधली जाळी साफ करून घ्या; तुटलेल्या गाइडचे प्लास्टिकचे तुकडे तिथेच अडकून ऑइल बंद पाडतात.

प्रश्न: चढावर वरच्या गिअरमध्ये काचेच्या गोट्या हलवल्यासारखा आवाज. पेडल सोडलं की लगेच बंद.

हे पिंगिंग: पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप, झटक्याने पेटतोय. आजच्या आज करायचं ते एवढंच की खालचा गिअर टाका, इंजिन रखडवू नका. मग क्रमाने पाहा: मॅन्युअलप्रमाणे ऑक्टेनचं पेट्रोल, इंजिन जास्त तापतंय का, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारा) बंदच अडकलाय का, सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, ठिणगीचं टायमिंग तपासा आणि पुढे गेलेलं असेल तर मूळ मापावर आणा.

प्रश्न: न्यूट्रलमध्ये घरघर येते, क्लच दाबला की थांबते. हे इंजिनच ना?

नाही. ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग असतं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग.

प्रश्न: स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतात, ते घरी जमेल का?

जमेल, पण बाह्या आणि ओढणी आवरून, अंगठी-घड्याळ काढून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक न हलणाऱ्या भागावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. कानाच्या आत घालू नका, टोक घसरलं तर इजा होते. आधी शांत वाटणाऱ्या जागी टेकवून कान सरावू द्या, मग संशयाच्या जागेकडे सरका. आवाज सगळीकडून धातूतून पसरतो, म्हणून ‘ऐकू येतो’ याला अर्थ नाही. कुठे सर्वांत टोकदार येतो ते शोधायचं. हवेच्या सुस्काऱ्यासाठी रबराची नळी घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं जोडांवरून फिरवा. रेडिएटरच्या विजेच्या पंख्यापासून कायम लांब राहा, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.